मागची बॅटरी

“पुढची,” आप्पा म्हणाले.

“हो आप्पा.”

“पुढची. इंजिन... चालू.”

“हो, हो. कळलं.”

ते थांबले. डाव्या हाताने त्यांनी उशीची कड घट्ट धरली, ओठ जुळवले आणि तिसऱ्यांदा अख्खं वाक्य जमवलं. “मागच्या बॅटरीला... हात नाही.”

“नाही लावत. तुम्ही पडा आता.”

त्यांचं बोलणं मला नीट कळलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पक्षाघातानंतर माझ्या सासऱ्यांची जीभ जड झाली होती, पण वर्षभराच्या सवयीने त्यांचा शब्द न् शब्द मला समजायचा. समजला तरी मी ‘हो हो’ करायची. लहान मुलाला करतात तसं. आमच्या घरात तेव्हा सगळेच करायचे.

मे महिना होता. आम्ही बार्शीहून माहूरला निघालो होतो, रेवाचं जावळ काढायला. रेवा अकरा महिन्यांची. आमच्याकडे पहिली बट आजोबांच्या हाताने कापायची रीत आहे, त्यामुळे आप्पांना नेणं भागच होतं, आणि त्यांना जायचंही होतं. डॉक्टर म्हणाले, झोपून प्रवास होत असेल तर न्या. झोपून जायची सोय आप्पांनी स्वतःच करून ठेवली होती.

चौतीस वर्षं ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सतरा सिटांची एक जुनी मिनीबस घेतली, सिटा उपटून काढल्या आणि तिची घरगाडी केली. झोपायला फळी, छोटा ओटा, बुटका फ्रिज, छताला पंखा. इंजिनाची बॅटरी पुढे आणि घराची मागे, बाहेरून उघडणाऱ्या एका पेटीत. पुढची गाडी चालवायची, मागची घर. अर्धं काम झालं आणि त्यांना झटका आला. उरलेलं वायरिंग त्यांनी मंदारकडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, करून घेतलं. आप्पा पडल्या पडल्या डोळ्यांनी वायर दाखवायचे आणि मंदार जोडायचा. शेवटी त्यांनी उशीपाशी एक बटण आणि दारावर बाहेरच्या बाजूने एक बेल बसवून घेतली. मोठ्याने हाक मारणं त्यांना जमत नव्हतं ना.

ती बेल दिवसातून पन्नास वेळा वाजायची. पाणी हवंय. कूस बदलायचीय. उन्हाची तिरीप डोळ्यावर येतेय. कधी नुसतंच, बाहेर कोण आहे ते बघायला. मी रेवाला पाजायला बसले की हटकून वाजायची. मी दात ओठ खात उठायची.

पहिली रात्र आम्ही परळीत गाडीतच काढली. तर दुसऱ्या दिवशी परळी मागे टाकून तासभर झाला असेल, मागचं डावं चाक बसलं. मंदारने कशीबशी गाडी रस्त्याकडेच्या एका मोठ्या कडुलिंबाखाली घेतली. आजूबाजूला नांगरून पडलेली काळी रानं, घर दिसत नव्हतं. साडेबारा वाजले होते.

“जॅक आहे,” मंदार गाडीखालून म्हणाला. “दांडा नाही.”

“म्हणजे?”

“दांडा बार्शीत. बाल्कनीत. मी त्याने कुंडी सरकवली होती.”

“तुळशीची?”

“हळू बोल ना. आप्पांना नको कळायला.”

बेल वाजली. मंदारने कपाळाला हात लावला आणि दारातून डोकं आत घातलं.

“गाढव,” आप्पा म्हणाले. त्यांचे पुष्कळ शब्द गेले होते, पण हा शाबूत होता.

“आणतो आप्पा. जवळच्या गावातून आणतो.”

त्यात स्टेपनीतही हवा नव्हती. पंक्चर नव्हती, वर्षभर कोणी बघितली नव्हती इतकंच. पण हवा भरायचा कंप्रेसर गाडीत होता. बॅटरीला दोन चिमटे लावायचे आणि बटण दाबायचं, एवढंच काम. मंदारने स्टेपनी काढून मागच्या चाकाशी टेकवली. तेवढ्यात दुधाच्या रिकाम्या किटल्या लावलेली एक मोटरसायकल आली, तिला त्याने हात केला.

“ऋजू, तोवर हवा भरून ठेव. पंप पुढच्या बॅटरीला, इंजिन चालू करून. आप्पा सांगतील.”

“मला नाही कळत का?”

“तुला सगळं कळतं. बी.एस्सी. आहेस,” तो हसत म्हणाला आणि किटल्यांच्या मध्ये पाय अडकवून बसला.

आप्पांनी सांगितलं. तीनदा सांगितलं, ते वर लिहिलंच आहे.

रेवा दोन तासांपासून रडत होती. मी लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली, ओलं पंच्याचं फडकं झोळीच्या तोंडावर टाकलं आणि हलवत राहिले. खूप वेळाने ती झोपली. मी वाकून तिचा श्वास मोजला. मग पुन्हा मोजला. तेव्हा मी सतत मोजायची. एका मिनिटात किती श्वास असावेत ते मला पाठ होतं.

मग मी किल्ली फिरवायला म्हणून निघाले आणि धुराची नळी दिसली. ती लिंबाच्या बाजूलाच उघडत होती, झोळीपासून सहा-सात फुटांवर. डिझेलचा काळा धूर, अकरा महिन्यांची फुप्फुसं. शिवाय ते इंजिन सुरू झालं की अख्खी गाडी खडखडते, पोर जागी झालीच असती. झोळी पलीकडे हलवावी तर पलीकडे सावली नव्हती. आणि स्टेपनी पडली होती मागे. पुढे न्यायची तर ते धूड ढकलत न्यायचं.

मागची पेटी हाताशी होती. बारा व्होल्ट पुढे, बारा व्होल्ट मागे. फिजिक्स घेऊन पदवी घेतलेल्या बाईला बॅटरीची कसली भीती? म्हाताऱ्या माणसांना आपल्या वस्तूंना हात लावलेला आवडत नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ मी लावला. लाल चिमटा लाल खुंटीला, काळा काळ्याला. बटण दाबलं. पंप टरटर करायला लागला. रेवा हलली, पण उठली नाही.

पंपाच्या आवाजाने की काय, पलीकडच्या रानातून शेळ्या आल्या आणि त्यांच्या मागे एक म्हातारी. डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल, हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन.

“कुनाची गाडी म्हनावं ही?” तिने विचारलं.

“आमचीच.”

“आन् चूल बी दिसतीया आत!”

“घरगाडी आहे. झोपायची वगैरे सोय आहे.”

“आगं माय! घर घिऊनच फिरता व्हय? मंग चोरी कुनाच्या घरी हुनार?” ती स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसली आणि सावलीत बसली. तिचं नाव गयाबाई. लेकरू कितव्या महिन्याचं, अंगावर पितंय का, पहिलंच का, एवढं तिने बसेपर्यंत विचारून घेतलं.

तेवढ्यात एका शेळीने पुढचे दोन्ही पाय गाडीच्या पायरीवर ठेवले आणि मान आत घातली. मी धावले. आप्पा डोळे मिटून पडले होते. वर पंखा फिरत होता. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या झळांसाठी आधीच लावलेल्या होत्या. शेळीला हाकललं आणि सरकतं दार ओढून घेतलं. लागलं तर बेल वाजवतील, असं मनात म्हटलं.

दहा मिनिटांनी पंप हाताला चटका बसेल इतका तापला. बंद केला, गार होऊ दिला, पुन्हा लावला. अधेमधे आवाज बारीक व्हायचा, घुटमळल्यासारखा, पण चालू राहायचा. मी काट्याकडे बघत होते आणि झोळीकडे. एकदा आतून काहीतरी पडल्यासारखं वाटलं. शेळी गाडीला धडकली असेल असं मानलं. बघायला गेले नाही.

बेल वाजत नव्हती. मला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला सलग एक काम करू देत होतं.

स्टेपनी भरली. पंप काढून ठेवला. रेवा उठली, तिला मांडीवर घेऊन पाजायला बसले. गयाबाई शेळ्यांशी आणि माझ्याशी आलटून पालटून बोलत होती.

“मालक कवा गेलं?”

“झाला दीड तास. जॅकचा दांडा आणायला गेलेत.”

“आन् तुमी एकल्याच?”

“नाही, सासरे आहेत ना. आत. झोपलेत.”

गयाबाईने गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. “आत? ह्या पत्र्यात?”

“पंखा आहे आत. छताला.”

“मगाधरनं दार लावलंय की.”

“बेल आहे त्यांच्याजवळ. लागलं तर वाजवतात.”

“बेल ऱ्हाऊ दे बाई,” ती उठली. “म्हातारं मानूस हाय. बगून ये. लेकरू दे हिकडं.”

मला रागच आला. अनोळखी बाईच्या हातात रेवाला द्यायची माझी तयारी नव्हती. मी तिला कडेवर घेऊनच उठले आणि दार सरकवलं.

आतून आलेली वाफ मला आजही चेहऱ्यावर जाणवते. पंखा थांबला होता. आप्पा अर्धे फळीवरून खाली आले होते, डावा पाय जमिनीवर, स्टीलचा पेला घरंगळून ओट्याखाली गेलेला. चेहरा लाल, घाम नाही. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. डाव्या हाताचा अंगठा बटणावर होता. मी बघत असताना त्यांनी ते दाबलं. बाहेर काही वाजलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

रेवाला मी गयाबाईच्या हातात कधी दिलं ते आठवत नाही.

“चादर घे, चादर!” ती ओरडली. रेवाला तिने झोळीत टाकलं, पदर खोचला आणि आत चढली. मी डोक्याकडून, ती पायांकडून. सत्तरीच्या त्या बाईने माझ्यापेक्षा जास्त भार उचलला. लिंबाखाली आणून निजवल्यावर तिने सदऱ्याची बटणं काढली आणि कॅनमधलं सगळं पाणी त्यांच्या छातीवर, मानेवर, काखेत ओतलं. तिचं दिवसभराचं पाणी होतं ते. मी टॉवेलने वारा घालत होते आणि “आप्पा, आप्पा” एवढंच म्हणत होते. झोळीत रेवा टाहो फोडत होती. त्या दिवशी ती एवढी रडली आणि मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मंदार आला तेव्हा आप्पा कण्हत होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता चाक बदललं. दहा मिनिटं लागली असतील. निघताना गयाबाईला धन्यवाद म्हणावं हेसुद्धा सुचलं नाही. आरशात दिसली ती, रिकामा कॅन हातात धरून उभी.

दवाखान्यात सलाइन लावलं, बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “पंखा किती वेळ बंद होता?”

“माहीत नाही.”

“साधारण?”

“खरंच माहीत नाही.”

ते खरं होतं. तोवर मला एवढंच उमगलं होतं. मागची बॅटरी रात्रभर पंखा आणि फ्रिज चालवून अर्धी उतरलेली होती. पंपाने तिला आणखी ओढलं. ती फार उतरू नये म्हणून आप्पांनीच एक कट-आउट बसवून घेतला होता, त्याने आतलं सगळं तोडलं. पंखा आणि त्याच्याबरोबर बेल. पंप मात्र मी थेट खुंट्यांना लावला होता, तो चालूच राहिला. त्याची टरटर ऐकून मी समजत होते, वीज आहे.

संध्याकाळी आप्पांचा ताप उतरला. मंदार खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या.

“पंखा कसा काय बंद पडला?” तो म्हणाला. “ऋजू, पंप कुठे लावला होतास?”

“पुढे.”

“इंजिन चालू करून?”

“हो.”

आप्पांचे डोळे उघडे होते. ज्या माणसाने चौतीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाची दुखणी ओळखली, त्याला डोक्याशी इंजिन सुरू झालं की नाही हे कळत नसेल? ते माझ्याकडे बघत राहिले. मी चादरीची घडी करायला घेतली.

“फ्यूज,” आप्पा म्हणाले.

“फ्यूज गेला होता?” मंदार खाली वाकला. आप्पांनी पापण्या मिटून होकार दिला.

मंदार सरळ होऊन बसला. मग म्हणाला, “फ्यूज मी बसवला होता.”

दुसऱ्या दिवशी त्याने पेटी उघडली. फ्यूज चांगला होता. बॅटरीही थोडी सावरली होती आणि पंखा आपला फिरत होता. म्हणजे कुठेतरी जोड ढिला राहिलाय, असं त्याने ठरवलं. सगळ्या वायरी उपसून काढल्या, भर उन्हात, दवाखान्याच्या आवारात. जोड सापडला नाही. मी त्याला चहा नेऊन दिला.

आम्ही माहूरला गेलो नाही, तिथूनच मागे फिरलो. जावळ घरीच काढलं. आप्पांच्या डाव्या हातात कात्री देऊन मंदारने त्यांचा हात धरला. महिन्याभरात घरगाडी विकली. त्या दिवसापासून मंदार वायरीला हात लावत नाही. साधा होल्डर बदलायचा तरी माणूस बोलावतो. कोणी थट्टा केली तर म्हणतो, “मला जमत नाही. एकदा वडील जात होते माझ्यामुळे.” हे त्याने माझ्यासमोर किती वेळा म्हटलंय, ते मी मोजलेलं आहे.

घरी आप्पांच्या खाटेला आम्ही नवी बेल लावली. ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. मंदारला वाटायचं, ते शांत झालेत. तोंड सुकलेलं असायचं, कूस अवघडलेली असायची, पण अंगठा बटणाकडे जायचा नाही. मग मीच जायला लागले, दर अर्ध्या तासाने. रेवाला कडेवर घेऊन.

एका दुपारी मंदार बाहेर असताना मी त्यांच्याजवळ बसले. “आप्पा, मी मागच्या बॅटरीला लावला होता.”

“माहीत,” ते म्हणाले.

मी रडायला लागले. ते थांबले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं आणि ओठ जुळत नव्हते. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“सांग... त्याला.”

“हो आप्पा.”

“त्याला... सांग.”

“हो. सांगते.”

पुढच्या वर्षी श्रावणात आप्पा गेले, झोपेत, कुणाच्याही चुकीशिवाय. मी सांगितलं नाही. रेवा आता सात वर्षांची आहे.

आज संध्याकाळी मंदार घरी आला की हे कागद मी त्याच्या हातात देणार आहे. आधी तोंडाने सांगायचं असं ठरवलंय. जमलं नाही तर कागद आहेत. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही आणि त्याने काय म्हणावं हे सुचवायचा मला हक्क नाही.

त्याच्याखेरीज हे वाचणाऱ्या तुम्हाला मात्र एक सांगायचंय. तुमच्या घरात आतल्या खोलीत कोणी पडून असेल आणि बराच वेळ त्यांची हाक आली नसेल, तर हे इथेच ठेवा आणि उठा. दारातून डोकावून परत येऊ नका. जवळ जा, अंगाला हात लावा, काय हवंय विचारा. आणि त्यांचं सांगून संपेपर्यंत ‘हो’ म्हणू नका.